जंगलाचा पैसा आणि आपली सही



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या नऊ जणी जंगल राखणाऱ्या एका संस्थेच्या रोपवाटिकेत कामाला गेल्या. पिशव्या भरल्या, रोपं लावली. आठवड्याने मजुरी मिळाली, ती बरोबर होती. पण सहीसाठी पुढे आलेलं व्हाउचर कोरं होतं. "सही करा ताई, आकडा नंतर भरतो." आठ जणींनी सही केली. नववी म्हणाली, "आमच्या गटाच्या वहीत हे चालत नाही, मग इथं कसं चालेल?"

तिच्या या प्रश्नामुळे आम्ही समन्वयक मैत्रिणी संस्थांचा हिशेब समजून घ्यायला बसलो. जे समजलं ते आज सांगतो.

अशी संस्था आपल्या राज्यात बहुधा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. तिला मालक नसतो, विश्वस्त असतात. पैसा लोकांचा आणि कारभार विश्वस्तांचा. म्हणून दरवर्षी हिशेब द्यावाच लागतो.

पैसा येतो लोकांच्या देणग्यांतून, कंपन्यांच्या सीएसआर निधीतून, सरकारी अनुदानातून. काही पैसा मोकळा असतो, काही बांधलेला. वणवा अडवायला जाळरेषा काढण्यासाठी पैसे दिले असतील तर ते जाळरेषेलाच लागले पाहिजेत, ऑफिसच्या गाडीला नाही. शेळीसाठी घेतलेलं कर्ज लग्नात घालू नका, असं आपण गटात सांगतो ना? तसंच हे.

परदेशातून येणाऱ्या पैशाचे नियम आणखी कडक आहेत. सरकारकडे त्याची वेगळी नोंदणी लागते. तो पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एका ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच येतो. २०२० पासून त्यातला २० टक्क्यांहून जास्त पैसा कार्यालयीन खर्चाला वापरता येत नाही, आणि तो दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही.

आयकरात सूट हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नातले साधारण ८५ टक्के संस्थेच्या उद्देशावरच खर्च करावे लागतात. त्याहून जास्त शिल्लक ठेवायची तर कशासाठी, ते आयकर खात्याला आधी कळवावं लागतं.

३१ मार्चला वर्ष संपलं की लेखापरीक्षण होतं. दोन कागद तयार होतात. काय आलं आणि कशावर गेलं, ते जमाखर्च पत्रकात. संस्थेकडे काय आहे आणि देणं किती, ते ताळेबंदात. लेखापरीक्षकाचा अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. हातातली रोकड आणि व्हाउचरं हिशेबाशी जुळतात का, हेही त्याला त्यात लिहावं लागतं.

इथेच आपली सही येते. वरचे सगळे मोठे आकडे खालच्या व्हाउचरांवर उभे असतात. तीनशे रुपये घेऊन आपण कोऱ्या कागदावर सही केली आणि पुढे कुणी पाचशे लिहिले, तर लेखापरीक्षकाला सगळं जुळलेलंच दिसेल. खोटं ठरेल ते आपल्या नावावर.

संस्थेचा वार्षिक अहवाल हाती आला तर वाघाचा फोटो बघून ठेवून देऊ नका. शेवटची पानं उघडा. जंगलातल्या कामावर किती, पगार आणि कार्यालयावर किती? बांधलेला पैसा त्याच कामावर गेला का? लेखापरीक्षकाने काही हरकत घेतली आहे का? एवढं विचारलं तरी पुष्कळ. चांगल्या संस्थेला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

आणि सही करताना तारीख, कामाचे दिवस, रक्कम वाचा. अंगठा असेल तर शेजारणीकडून वाचून घ्या.

पुढच्या आठवड्यात नववीला आकडा भरलेलं व्हाउचर मिळालं. मग बाकीच्या आठ जणींनीही तसंच मागितलं, आणि मिळालं.

हे तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत जरूर वाचा.