पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक आणि दूरचा कारभार

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडातील केंब्रिज येथील एका धर्मादाय संस्थेने 'रास्पबेरी पाय' नावाचा लहानसा संगणक विक्रीस काढला. त्याची लांबी सुमारे ८५ मिलिमीटर, रुंदी ५६ मिलिमीटर आणि किंमत अवघी ३५ डॉलर होती. शाळकरी मुलांनी संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकावे, हा त्यामागील हेतू. पुढे लोकांनी त्याच्याकडून नाना प्रकारची कामे करून घेतली. दूरच्या सर्व्हरांची देखरेख हे त्यांपैकीच एक होय.

इतर संगणकांना माहिती वा सेवा पुरविणारा संगणक म्हणजे सर्व्हर. त्याच्यावर देखरेख ठेवणारा पहारेकरीही अहोरात्र जागा हवा. त्यासाठी मोठा संगणक सतत चालू ठेवणे खर्चाचे पडते. पाय मात्र मोजक्याच वॅट विजेवर चालतो. याचे श्रेय बव्हंशी त्याच्या 'आर्म' जातीच्या प्रोसेसरला आहे. केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी या जातीची रचना केली आणि १९८५ साली तिची पहिली चिप तयार झाली. आज्ञा थोड्या व सोप्या ठेवाव्यात, म्हणजे चिप लहान राहते आणि वीजही कमी लागते, हे त्यातील तत्त्व.

आता कंटेनरकडे वळू. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ठराविक मापाच्या पेट्यांतून जहाजाने माल पाठविण्यास प्रारंभ केला. पेटी तीच राहते. ती ट्रकवरून उचलून जहाजावर ठेवली की काम झाले. याच कल्पनेवर २०१३ साली 'डॉकर' हे साधन पुढे आले. एखादा प्रोग्रॅम व त्यास लागणारे सारे साहित्य एका 'इमेज'मध्ये बांधावयाचे आणि एका आज्ञेसरशी चालू करावयाचे. काम संपल्यावर पेटी काढून टाकली की यंत्रावर पसारा उरत नाही.

मग कोणतीही पेटी कोणत्याही संगणकावर चालेल काय? नाही. येथे जहाजाची उपमा अपुरी पडते. कंटेनर हा संगणकाच्या आतील दुसरा संगणक नव्हे. तो यजमान यंत्राचाच लिनक्स गाभा आणि त्याचाच प्रोसेसर वापरतो. इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेली इमेज पायवर चालवू गेल्यास आर्मला त्या आज्ञांची भाषाच कळत नाही, व 'एक्झेक फॉरमॅट एरर' एवढा निरोप देऊन काम थांबते. मध्ये दुभाषा बसविता येतो, परंतु त्याने गती फार मंदावते. म्हणून इमेज आर्मसाठी बांधलेली आहे ना, आणि ती ३२ बिटांची की ६४ बिटांची, हे आधी पाहावे. अनेक इमेजेस एकाच नावाखाली निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी ठेवलेल्या असतात. त्यांतून योग्य ती डॉकर स्वतःच निवडतो.

याहून गंभीर प्रश्न किल्ल्यांचा आहे. 'पोर्टेनर' हा अशा देखरेखीचा एक परिचित प्रोग्रॅम. तो स्वतः कंटेनरात राहून, ब्राउझरच्या खिडकीतून इतर कंटेनर चालू-बंद करू देतो. त्यासाठी त्याला सामान्यतः डॉकरचे 'सॉकेट' सोपवावे लागते. परंतु ज्याच्या हाती ते सॉकेट, तो त्या यंत्राचा धनीच झाला. मग पेटीच्या भिंती नावापुरत्याच उरतात. म्हणूनच प्रथम चालू केल्यावर काही मिनिटांत प्रशासकाचे खाते उघडले नाही, तर पोर्टेनर आपले दार मिटून घेतो. एरव्ही जो आगंतुक आधी येईल, तोच मालक होऊन बसावयाचा! अशी खिडकी इंटरनेटवर सरसकट उघडी टाकू नये. ती घरच्या जाळ्यापुरतीच ठेवावी आणि बाहेरून व्हीपीएनच्या सुरक्षित मार्गानेच तेथे जावे.

आणखी एक दक्षता. पेटी काढून टाकली की आतील नोंदीही जातात. म्हणून त्या बाहेर 'व्हॉल्यूम'मध्ये ठेवाव्यात. पायमधील मेमरी कार्ड सतत लिहिण्याने झिजते, यास्तव त्या नोंदींची एक प्रत अन्यत्र असावी.

विद्यार्थिमित्रहो, पूर्वी मोठ्या कचेऱ्यांतच शिकावयास मिळणारी ही विद्या आता शाळेच्या बाकावर मावू लागली आहे. यंत्र लहान व स्वस्त झाले, म्हणून त्यावरून चालणाऱ्या कारभाराची जबाबदारी मात्र लहान झालेली नाही. किल्ली कोणाच्या हाती आहे, हे ज्याला नित्य ठाऊक असते, तोच खरा व्यवस्थापक होय.