ओढणे आणि आवरणे

बंगळूरच्या बसवनगुडीत कार्तिकातील शेवटच्या सोमवारी, अखंड पाषाणातून कोरलेल्या भव्य नंदीपुढे, भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. पूर्वी बैलगाडीने येणारी पोती आता मोटारींनी येतात. मागे ट्रेलर जोडून असे ओझे ओढावयाचे, तर लहान मालमोटार पेट्रोलची बरी की डिझेलची?

पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात प्रथम नुसती हवाच सुमारे १५ ते २० पट दाबली जाते. ती इतकी तापते की तीत फवारलेले तेल ठिणगीवाचून पेट घेते. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले होते. या दाबामुळे थोड्या इंधनात अधिक काम होते. शिवाय संथ फिरतानाही इंजिनाचा जोर टिकतो. चढणीवर हाच गुण उपयोगी पडतो. पेट्रोल इंजिनाला तेथे अधिक वेगाने फिरावे लागते आणि इंधनही अधिक लागते. मात्र ते हलके व स्वस्त असते. क्वचित ओझे ओढणाऱ्याला ते पुरेसे होय.

परंतु श्रोतेहो, चढणीमागून उतार येतोच. पाय उचलताच पेट्रोल इंजिनातील हवेची वाट मिटते व ते गाडीला आवरू लागते. डिझेल इंजिनात ही वाट बहुधा मोकळीच राहते. म्हणून जड गाड्यांत धुराची वाट रोखणारा निराळा ब्रेक बसवितात. नेहमीचे ब्रेक सतत दाबून धरले, तर ते तापून निकामी होतात आणि मागचा ट्रेलर पुढच्या गाडीलाच ढकलू लागतो. तेव्हा उतार खालच्या गिअरमध्येच उतरावा. भारी ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत. गाडी किती ओढील हे विकणारा आपण होऊन सांगेल; ती किती आवरील, हे मात्र आपणच विचारले पाहिजे.