‘अठरा पूर्ण’ म्हणून जुगार चालतो का?



एका गटाच्या बैठकीला एक ताई आल्याच नाहीत. कधी बचत न चुकवणारी बाई, म्हणून सीआरपी ताई दुसऱ्या दिवशी घरी गेल्या. तेव्हा कळलं, लाडक्या बहिणीचे जमा झालेले दीड हजार खात्यात नव्हते. आधीच्या दोन महिन्यांचेही नव्हते. त्यांना वाटलं, बँकेचीच चूक. पासबुक भरून आणलं तर पन्नास, शंभर, दोनशे असे बारीक बारीक पैसे फोनवरून गेलेले. पिन कुणाला माहीत, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “पोराला. मला कुठं येतंय ते? अकरावीला आहे, तोच करून देतो सगळं.”

नाव लिहीत नाही, कारण ही एकीची गोष्ट नाही. आपल्यातल्या किती जणींचा पिन पोरालाच माहीत आहे, ज्याचं त्याने मनाशी मोजावं.

पोरं अडकतात कशी?

पूर्वी पत्ते नाहीतर मटका खेळायला अड्ड्यावर जावं लागायचं. कुणीतरी बघायचं आणि संध्याकाळपर्यंत घरी कळायचं. आता पोरगं पांघरुणात फोन घेऊन खेळतं आणि शेजारी झोपलेल्या आईलाही पत्ता लागत नाही.

लाल येणार की हिरवा, विमान कधी उडून जाणार, पुढच्या चेंडूवर काय होणार, असे हे खेळ. सुरुवातीला थोडे पैसे फुकट मिळतात, एखादा डाव जिंकताही येतो. मग मित्र सांगतो, “हरलास की दुप्पट लाव, एका डावात सगळं भरून निघेल.” हिशोब करून बघा. १०० हरले, मग २००, ४००, ८००, १६००, ३२००. लागोपाठ सहा डाव गेले की ६,३०० रुपये संपले. सातव्या डावाला ६,४०० लागतात. ते कुठून येणार? आईच्या खात्यातून, मित्राकडून उसने, नाहीतर कर्ज देणाऱ्या अ‍ॅपमधून. आणि जिंकलेले पैसे काढायला गेलं तर काही अ‍ॅप म्हणतात, “आधी कर भरा.” तो भरला की तेही गेले.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. “तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, पाच हजार देतो,” असं सांगून पोरांची खाती भाड्याने घेतात आणि त्यातून फसवणुकीचा पैसा फिरवतात. पोलीस तपासात आले की खातं गोठतं आणि गुन्ह्यात नाव पोराचं येतं.

कायदा काय सांगतो?

अ‍ॅपवर ‘१८+’ लिहिलेलं असतं. पोरांना वाटतं, अठरा झाली की परवानगी. तसं नाही. मटका, पत्त्यांचा अड्डा यांना आपल्या राज्यात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे, वय काहीही असो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही, तो फसलेला धरला आहे.

शेजारी गोव्यात कॅसिनो आहेत, पण तिथेही २१ वर्षांखालच्याला प्रवेश नाही.

आणि वयाची अट पोरं पार कशी करतात? आईचं आधार, आईचं पॅन वापरून. म्हणजे खेळतो पोरगा आणि कागदावर खेळाडू आपण.

ओळखायचं कसं?

पोरगं फोन उलटा ठेवतं, बँकेचे मेसेज पुसून टाकतं. रात्री जागतं, शाळेत झोपतं. क्रिकेट बघताना नको इतकं तापतं. डब्यातली चिल्लर, कोंबडीचे, दुधाचे पैसे कमी भरतात. यातलं एखादं लक्षण म्हणजे जुगारच, असं नाही. पण दोन-तीन एकत्र दिसली की शांतपणे विचारा.

कळलं तर काय करायचं?

पहिलं, मारहाण करू नका आणि चारचौघांत लाज काढू नका. भेदरलेलं पोर कर्ज लपवतं आणि आणखी खोलात जातं. किती गेले, कुणाचे देणं आहे, हे सगळं वहीत लिहून घ्या.

दुसरं, त्याच दिवशी पिन बदला. नवा पिन स्वतः टाकायला शिका.

तिसरं, फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढे निघून जातो. मेसेज, फोटो पुसू नका, पुरावा म्हणून लागतात.

चौथं, हरलेल्या पैशासाठी गटाचं कर्ज उचलू नका आणि बिनपरवाना सावकाराकडे तर जाऊच नका. पैजेत हरलेला पैसा कोर्टातून वसूल करता येत नाही, हे १८७२ च्या करार कायद्यातच आहे. कुणी दारात येऊन दमदाटी करत असेल तर पोलिसांत जा, ग्रामसंघाच्या दोघी-तिघी बरोबर घ्या.

पाचवं, पोर गप्प झालं, जेवेना, जिवाचं बरंवाईट करायचं बोललं तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर फोन करा. तिथे रात्रंदिवस आणि मोफत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही आहे.

बैठकीत हे करूया

येत्या बैठकीला प्रत्येकीने फोन आणि पासबुक घेऊन या. हप्ते आणि बचत झाली की अर्धा तास काढायचा. जिला जमतं तिने शेजारणीला पिन बदलायला आणि खात्याचा हिशोब बघायला शिकवायचं. पिन मात्र शिकवणारीलाही सांगायचा नाही.

त्या ताई पुढच्या बैठकीला आल्या. बचत भरली, नवा पिन स्वतःच्या हाताने टाकला. पोराला घेऊन बसून सगळा हिशोबही लिहून काढला. तो रडला, असं त्यांनी सांगितलं. “आधी विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं, म्हणाला,” एवढंच बोलून त्या थांबल्या.