दवाखान्यातून घरी आल्यावर

सुट्टीचा कागद हाती पडला की घरात आनंद होतो. अब्बा बरे झाले म्हणून नातलग भेटायला येतात, शोरबा शिजतो, ताटात पापड-लोणचे येते. हृदय अशक्त झालेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला मात्र हेच दिवस जड जातात. मिठामुळे अंगात पाणी साठते, दम लागतो आणि पुन्हा दवाखाना.

आरोग्यसेवा गावात नेण्याची वाट सेवाग्रामने फार आधी दाखवली. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली इथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. तिथल्या प्रत्येक तुकडीचे विद्यार्थी एक गाव दत्तक घेऊन घरोघरी जातात. हृदयरुग्णाच्या घरी असेच परिचारिकेने जावे, असे आम्हाला वाटते. अमेरिकेत सेंट लुईस येथे सत्तरी गाठलेल्या २८२ रुग्णांवर हा प्रयोग झाला. निम्म्या रुग्णांना परिचारिकेने शिकवले, घरभेटी दिल्या, फोन केले. १९९५ मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांत याच दुखण्यासाठी पुन्हा भरती होणे त्या गटात निम्म्याहून कमी होते.

आमच्याकडे समजावणी होते ती वॉर्डात उभ्या असलेल्या मुलाला. हंडी मात्र सूनबाईच्या हाती! परिचारिका स्वयंपाकघरात आली तर मिठाची बरणी तिच्या नजरेस पडेल. सांधेदुखीसाठी दुकानातून आणलेली गोळीही दिसेल. अशा बऱ्याच वेदनाशामक गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात.

तोवर घरच्यांनी इतके पाहावे. रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहावे. दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवावे. वुजू करताना पाय धुतोच. तेव्हा घोट्यावर बोट दाबावे. खड्डा राहिला तर सूज आहे. सजद्यात वाकताना दम लागणे, झोपायला जास्त उशा लागणे, हीसुद्धा लक्षणे आहेत. आडवे होताच गुदमरले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

रमजानचा प्रश्न नाजूक आहे. लघवीची गोळी स्वतःच्या मनाने सहेरीला किंवा इफ्तारला ढकलू नये. रोजे ठेवायचे की नाही, हे महिना लागण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला कुरआनने सवलत दिलेली आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रेमाने सांगावे लागते.

मदीनेत हजरत रुफैदा (रजि.) यांनी मशिदीजवळ तंबू लावून जखमींची शुश्रूषा केली होती. आमच्या किती मुली आज नर्सिंग शिकत आहेत! मोहल्ल्यात अशी एखादी असेल तर सुट्टीचा कागद आधी तिला दाखवावा.