संगणकातले दप्तर

मराठवाड्यातला शेतकरी जमीन विकत घेतो तेव्हा पैसे चुकते होऊन, खरेदीखत होऊन, प्रत्यक्ष ताबा मिळूनही, तलाठ्याच्या दप्तरी फेरफाराची नोंद होऊन सातबारावर आपले नाव लागेपर्यंत त्याच्या जिवाला स्वस्थता नसते. संगणकावर प्रोग्राम बसविणे हेही मूलतः असेच नोंदीचे काम आहे, आणि लिनक्सवर ते पाहणाऱ्या पॅकेज मॅनेजरची खरी थोरवी त्याच्या दप्तरातच आहे, असे माझे मत अनुभवाने दृढ झाले आहे.

इयन मर्डॉक यांनी 1993 साली आरंभिलेल्या डेबियन या लिनक्स-प्रणालीत हे दप्तर ‘डीपीकेजी’ सांभाळतो. कोणते पॅकेज (म्हणजे प्रोग्रामच्या फायलींचा बांधीव गठ्ठा) कोणत्या आवृत्तीचे, त्याची कोणती फाइल कोठे ठेवली, याची बिनचूक नोंद त्याच्यापाशी असते. डेबियनच्या पॅकेजांच्या भांडारातून माल मागविणारा ‘ॲप्ट’ हा त्याचा कारभारी. 2023 च्या आवृत्तीत त्या भांडारात 64,000 हून अधिक पॅकेजे होती.

गेल्या उन्हाळ्यात लातूरला एका वाचनालयाचे जुने छापील अहवाल संगणकाकडून वाचून घ्यावेत, या हेतूने मी ‘टेसरॅक्ट’ बसवावयास घेतला. ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत जन्मलेला आणि 2005 साली सर्वांस खुला झालेला हा प्रोग्राम छापील अक्षरे ओळखतो, आणि त्याचे मराठीचे ज्ञान ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ या स्वतंत्र पॅकेजात असते. मी तेवढेच मागितले. परंतु त्यास मूळ टेसरॅक्ट हवा, आणि टेसरॅक्टला चित्रे हाताळणारी ‘लेप्टोनिका’ हवी, हे ॲप्टने स्वतःच हेरले, सर्व ऐवज मागविला, आणि भांडाराच्या यादीवरील स्वाक्षरी व प्रत्येक पॅकेजाची खूण पडताळून मगच तो आत घेतला.

पॅकेजे उघडून जागच्या जागी लागत असतानाच वीज गेली. तासाभराने ती आली तेव्हा सारे मुळापासून करावे लागणार, या धास्तीने मी पुन्हा आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर आले, की काम मध्येच खंडित झाले आहे, ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही आज्ञा द्यावी. कोणत्या पॅकेजाच्या फायली जागी गेल्या आणि कोणाची मांडणी राहिली, हे दप्तरात नमूद होते; त्या एका ओळीने उरलेले काम तडीस गेले.

ॲप्टला ‘अपडेट’ म्हटल्याने भांडाराची केवळ यादी ताजी होते, प्रोग्राम नवे होतात ते ‘अपग्रेड’ म्हटल्यावर. हा भेद ध्यानी नसल्याने अनेकजण महिनोन्महिने जुन्याच प्रोग्रामांवर निर्धास्त राहतात.

याउलट नांदेडला विष्णुपुरीत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने टेसरॅक्टची नवी आवृत्ती, भांडारात येण्याची वाट न पाहता, मूळ संहितेवरून स्वतः घडविली. संहिता माणसास वाचता येते. तिचे यंत्रास कळणारे रूप करणे म्हणजे बांधणी. परंतु ‘मेक इन्स्टॉल’ म्हणून त्याने ती थेट बसविली, आणि दप्तराच्या लेखी तिचा मागमूसही नव्हता. ती काढावयाची तर फायली एकेक करून शोधणे आले. मी त्यास सुचविले, की बांधणी करून तिचे रीतसर पॅकेज करावे आणि ते डीपीकेजीच्या हाती द्यावे. दोन संध्याकाळ त्यात गेल्या. मग त्याने ‘डीपीकेजी -एल’ म्हणून यादी मागविली, तेव्हा त्याच्या पॅकेजाच्या ओळीआरंभी दोन लहान ‘आय’ उमटले होते: पहिला ‘हवे आहे’ याचा, दुसरा ‘बसले आहे’ याचा.