बोलण्यावाचून दुभंगलेले घर : एका चित्रपटावरील चर्चेच्या निमित्ताने

१९८० साली प्रदर्शित झालेला 'ऑर्डिनरी पीपल' हा अमेरिकन चित्रपट पालकांनी व युवकांनी एकत्र पाहून त्यावर चर्चा करावी, अशा योग्यतेचा आहे. ज्युडिथ गेस्ट यांच्या १९७६ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला असून अभिनेते रॉबर्ट रेडफर्ड यांचे हे पहिलेच दिग्दर्शन होते. सर्वोत्कृष्ट चित्रपट व दिग्दर्शन यांसह चार ऑस्कर पारितोषिके त्यास लाभली.

कथा शिकागोजवळील लेक फॉरेस्ट या संपन्न उपनगरात घडते. जॅरेट कुटुंबाला ऐहिक उणीव कशाचीच नाही. मात्र थोरला मुलगा बक नौकेच्या अपघातात बुडाला आहे. त्याच अपघातातून वाचलेला धाकटा कॉनराड आत्महत्येचा प्रयत्न करून, चार महिने रुग्णालयात काढून घरी परतला आहे. वडील कॅल्विन त्याला जपतात. पण काय बोलावे हे त्यांना उमगत नाही. आई बेथ घराची टापटीप व लोकांतील प्रतिष्ठा सांभाळते. दुःखाचा उच्चार मात्र टाळला जातो.

चर्चेत बहुधा पहिला प्रश्न निघतो तो 'दोष कोणाचा?' आणि बोटे आईकडे वळतात. चर्चा तेथेच थांबू देऊ नये. त्याऐवजी एखादा प्रसंग घ्यावा. न्याहारीच्या वेळी कॉनराड भूक नाही म्हणतो आणि आई त्याच्यापुढचा पदार्थ तत्काळ टाकून देते. पुढे वडिलांना आई व मुलाचे एकत्र छायाचित्र काढायचे असते. आई मात्र कॅमेरा आपल्याकडे मागत राहते. या क्षणी प्रत्येकाला काय म्हणायचे होते आणि ते का म्हणता आले नाही, असे गटाला विचारावे. मग बेथ हीसुद्धा पुत्र गमावलेली माता आहे, हे ध्यानात येते.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. बर्जर यांच्यापाशी कॉनराडला अखेर शब्द सापडतात. भाऊ गेला आणि आपण वाचलो, हाच तो आपला अपराध मानीत होता. मनाच्या आजारावर उपचार घेणे ही श्रद्धेची उणीव किंवा घराण्याची बदनामी नव्हे, हा मुद्दा येथे अवश्य मांडावा. शेवटी आई घर सोडून जाते. बापलेक एकमेकांना मिठी मारतात. सारे काही जुळून येत नाही, म्हणूनच ही कथा खरी वाटते.

एक सावधगिरी आवश्यक आहे. विषय आत्महत्येचा असल्याने हा चित्रपट लहान मुलांसाठी नाही. चर्चा चालविणाऱ्याने तो आधी स्वतः पाहावा. उपस्थितांत कोणी शोकग्रस्त असल्यास त्यास बोलण्याची सक्ती करू नये. कोणी अस्वस्थ दिसल्यास नंतर एकांतात आस्थेने विचारपूस करावी आणि गरज भासल्यास डॉक्टरांकडे सोबत जावे.

परक्या घराविषयी बोलणे सोपे असते. त्या बोलण्यातूनच स्वतःच्या घरातील अबोल्याला वाट मिळते. आज रात्री जेवताना मुलाने 'भूक नाही' म्हटले, तर ताट उचलण्याआधी क्षणभर थांबावे आणि विचारावे, 'का रे बाळा, काय झाले?'