रिसीव्हर ठेवल्याचा आवाज

जुना काळा टेलिफोन ज्यांनी वापरला आहे, त्यांच्या कानात एक आवाज अजून असेल. बोलणे संपले की रिसीव्हर खाली ठेवताना होणारा तो 'खट्ट' आवाज. रिसीव्हरच्या वजनाने खालचे खुंट दाबले जात, आतली जोडणी तुटे आणि त्या क्षणापासून आपले घर पुन्हा आपले होई. मग कुणी म्हणे, "काय म्हणत होता गं तुझा भाऊ?" आणि त्या भावाविषयी घरात मोकळेपणाने बोलणे सुरू होई. त्या 'खट्ट'ला केवढा अर्थ होता, हे तो आवाज नाहीसा झाल्यावर आता कळते आहे.

आज कानात शेंगदाण्याएवढी दोन यंत्रे असतात. त्यांना वायर नाही, तबकडी नाही, ठेवायची जागा म्हणजे एक गुळगुळीत डबी. मुले परदेशातून येताना आईवडिलांसाठी ती आवर्जून आणतात. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कंपूत आता निम्म्या लोकांच्या कानांत ती दिसतात. कुणी भजने ऐकतो, कुणी बातम्या, कुणी शेअर बाजार. उपकरण मोठे गुणी आहे. फक्त ते जितके ऐकवते, तितकेच ऐकतेही, हे बहुतेकांच्या ध्यानात नसते.

याच कंपूतल्या एका गृहस्थांची हकीकत सांगतो. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. त्या रविवारीही आला. बोलणे झाले, 'बरंय, ठेवतो' झाले, आणि या गृहस्थांनी कानांतली दोन्ही बोंडे काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. त्यांच्या लेखी फोन ठेवला गेला होता. चाळीस वर्षांची सवय तेच सांगत होती की, हातातले खाली ठेवले म्हणजे बोलणे संपले. प्रत्यक्षात फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता आणि कॉल कुणीच बंद केलेला नव्हता. मुलगा आपल्या स्वयंपाकघरात फोन बाजूला ठेवून कॉफी करीत होता.

इकडे पतिपत्नींचे बोलणे सुरू झाले. डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली होती. ती दिवाळीनंतर करायची आणि मुलाला काही कळवायचे नाही, असे दोघांचे ठरत होते. वहिनी म्हणाल्या, "अहो, पण त्याला नंतर वाईट वाटेल." त्यावर हे म्हणाले, "त्याची नोकरी आधीच डळमळीत. आणि तो येऊन तरी काय करणार आहे?"

टेबलावरच्या बोंडांनी हे सगळे इमानेइतबारे पलीकडे पोहोचवले.

मुलगा आठवड्याभरात आला. तपासणी झाली, पुढचे उपचारही वेळेवर झाले. कुणीही म्हणेल, चांगलेच झाले की! मीही तसेच म्हणालो. त्यावर ते गृहस्थ थोडा वेळ गप्प चालत राहिले आणि मग म्हणाले, "त्यानं ऐकलं ते खोटं नव्हतं हो. पण तेच मी त्याला वेगळ्या शब्दांत सांगितलं असतं. 'येऊन काय करणार' हे वाक्य माझ्या बायकोसाठी होतं. त्याच्यासाठी नव्हतं. आता ते त्याच्याजवळ राहिलं."

हे मला फार महत्त्वाचे वाटते. गुप्तता म्हणजे काहीतरी काळेबेरे लपवणे, असा एक सोयीस्कर समज आहे. 'आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?' असे पुष्कळ लोक छाती फुगवून विचारतात. पण प्रश्न लपवण्याचा नसतो. एकच सत्य आपण बायकोला एका शब्दांत सांगतो, मुलाला दुसऱ्या, शेजाऱ्याला तिसऱ्या. यात लबाडी नसते, माया असते. कोणत्या माणसाला कोणते शब्द झेपतील, याचा विचार म्हणजेच घरपण. चोरून ऐकलेल्या वाक्यातून नेमका हा विचार गळून पडतो.

बँकेच्या नोकरीत हे फार लवकर शिकवले जाई. बँकांच्या राष्ट्रीयीकरणासंबंधीच्या १९७०च्या कायद्यातच ग्राहकांच्या व्यवहारांबाबत गोपनीयता पाळण्याचे बंधन आहे, आणि रुजू होताना निष्ठा व गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे. तारेने पैसे पाठवायचे तर त्यातही सांकेतिक अंक असत. पण कायद्याहून मोठी शिकवण काउंटरवर मिळे. कर्ज नामंजूर झाले, हे सांगण्यासाठी मी नेहमी माणसाला केबिनमध्ये बोलावून खुर्चीवर बसवीत असे. तोच निर्णय आणि तेच कारण काउंटरवर रांगेसमोर सांगितले, तर माणसाची अब्रू जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, त्यात पैशांपेक्षा मुठीलाच किंमत आहे.

आता या बोंडांच्या पोटात शिरू. फोन आणि हेडफोन यांच्यातल्या बिनतारी दुव्याला ब्लूटूथ म्हणतात. १९९४ साली स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत या कामाला सुरुवात झाली आणि १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून त्यासाठी एक गट स्थापन केला. नाव मात्र दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून, 'निळा दात' अशा अर्थाचे. ब्लूटूथचे जे कोनदार चिन्ह फोनवर दिसते, ते त्या राजाच्या आद्याक्षरांच्या दोन जुन्या लिपिचिन्हांची जोडणी आहे.

या दुव्याला, ढोबळमानाने सांगायचे, तर दोन वाटा आहेत. एक वाट एकेरी, फोनकडून कानाकडे. ही रुंद असते. संगीत तिच्यावरून येते. दुसरी वाट दुहेरी, ऐकण्याची आणि बोलण्याची. दोन्हीकडची रहदारी सांभाळायची म्हणून ही अरुंद. सीडीवरच्या संगीतात सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. या दुहेरी वाटेवर मुळात सेकंदाला ८,००० नमुने एवढीच सोय होती, पुढे ती १६,०००पर्यंत वाढली. २०२० साली जाहीर झालेल्या नव्या ब्लूटूथ पद्धतीत ही अडचण बरीच कमी होते, पण त्यासाठी फोन आणि हेडफोन दोन्ही नव्या जातीचे हवेत.

यावरून एका नेहमीच्या तक्रारीचा उलगडा होतो. सकाळी छान तोडी लावलेली असते, तानपुरा कानांत भरून राहिलेला असतो आणि एकदम सगळे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाजू लागते. लोक हेडफोनला दोष देतात. वास्तविक एखाद्या ॲपने माइक मागितलेला असतो, म्हणून दुवा रुंद वाटेवरून अरुंद वाटेवर उतरलेला असतो. आवाज अचानक बसला, तर कुणीतरी ऐकू लागले असण्याची शक्यता आहे. यंत्राने नकळत दिलेली ही खूणच समजा!

'हेडफोनचा माइक बंद कसा करायचा?' हा प्रश्न मला आता वरचेवर विचारला जातो. नातवंडांकडून शिकून घेण्याची मला लाज नाही, त्यामुळे आमच्या कंपूत या विषयातला जाणकार मीच ठरलो आहे. माझे म्हणणे असे की, आधी आपल्याला नेमके काय हवे आहे ते ठरवावे. कारण या एका प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत.

पहिला : हेडफोन फक्त ऐकण्यासाठी हवा आहे, बोलण्यासाठी नको. अँड्रॉइड फोनमध्ये हे सोपे आहे. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथच्या यादीत आपल्या हेडफोनच्या नावाशेजारी दातेरी चाकाचे चिन्ह असते. ते दाबले की 'फोन कॉल' आणि 'मीडिया' अशा अर्थाच्या दोन वेगळ्या कळा दिसतात. फोनच्या बनावटीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. पैकी कॉलची कळ बंद करावी, मीडियाची चालू ठेवावी. मग गाणी कानांत येतात आणि फोन आला की तो हातात घेऊन बोलावे लागते. आयफोनमध्ये अशी वेगळी कळ नाही. तिथे कॉल चालू असताना ध्वनीचे चिन्ह दाबून हेडफोनऐवजी फोनची निवड करता येते.

दुसरा : पलीकडच्याला थोडा वेळ आपला आवाज जाऊ नये. कुकरची शिट्टी होते आहे, दारावर दूधवाला आला आहे. त्यासाठी पडद्यावरची रेघ मारलेल्या माइकची 'म्यूट' ही कळ आहे. पण म्यूट म्हणजे माइक बंद, हे खरे नव्हे. ऑनलाइन बैठकीत म्यूट असताना तुम्ही बोलू लागलात, तर 'तुमचा माइक बंद आहे' अशी सूचना पडद्यावर येते. माइक काहीच ऐकत नसेल, तर आपण बोललो हे त्याला कसे कळले? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली लोकप्रिय बैठक-ॲप्स तपासली. म्यूट असतानाही ती अधूनमधून माइककडून ध्वनी घेत असल्याचे त्यांना आढळले. म्यूट म्हणजे लोटलेले दार आहे, कडी लावलेले नव्हे.

तिसरा : कुणीच ऐकू नये. इथे हेडफोनचा माइक बंद करून काहीच साधत नाही, कारण तो बंद झाला की फोनचा स्वतःचा माइक ते काम हाती घेतो. पहारेकरी बदलला, पहारा तोच. त्यासाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये 'परवानग्या' पाहाव्यात आणि कोणत्या ॲपला माइक दिला आहे ते तपासावे. विजेरीच्या ॲपला माइक कशाला हवा? नको असेल तिथे परवानगी काढून घ्यावी. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून सगळ्या ॲप्सचा माइक एकदम बंद करण्याची कळही दिलेली आहे. शिवाय पडद्याच्या वरच्या बाजूला लक्ष ठेवावे. माइक चालू असेल, तर अँड्रॉइड १२ पासून तिथे हिरवी खूण दिसते. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून केशरी ठिपका दिसतो.

आणि सगळ्यांत साधा उपाय म्हणजे बोलणे संपल्यावर फोन हातात घेऊन लाल कळ दाबणे आणि पडदा बदलला का, ते डोळ्यांनी पाहणे. बोंडे डबीत ठेवली म्हणजे कॉल संपला, असे समजू नये. पुष्कळदा तो तेवढाच फोनवर सरकतो आणि चालू राहतो.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. बाहेरचा गोंगाट थोपवणाऱ्या हेडफोनमध्ये माइक असतात, ते बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलट लहरी निर्माण करण्यासाठी. मूळच्या बंगाली वडिलांचे अमेरिकेतले पुत्र अमर बोस यांना १९७८ साली झुरिचहून परतताना विमानात अशा हेडफोनची कल्पना सुचली आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी तो बाजारात आणला. कॉलसाठीची कळ बंद केली, म्हणून हे गोंगाट थोपवण्याचे काम थांबत नाही. कान मिटण्यासाठीसुद्धा आणखी एक कान उघडा ठेवावा लागतो, ही यातली गंमत.

आपल्याकडे हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. टेलिफोनवरचे संभाषण हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, असे न्यायालयाने फोन-टॅपिंगच्या प्रकरणात १९९६ साली सांगितले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो दावा लढवणारे न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, वयाची नव्वदी गाठलेले. म्हणजे हा केवळ तरुणांचा विषय, असे म्हणण्याची सोय नाही.

पण कायदा सरकारपासून वाचवील, फार तर कंपन्यांपासून वाचवील. आपल्याच माणसांपासून आपली वाक्ये कोण वाचवणार? भिंतीला कान असतात, असे आजी सांगायची तेव्हा त्या भिंती शेजाऱ्याच्या असत आणि आवाज खाली आणला की भागे. आता कान आपल्याच टेबलावर, मुलाने प्रेमाने दिलेले. त्यांना दोष देता येत नाही. त्यांना फक्त कळवावे लागते की, आता पुरे.

म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलांकडून हेडफोन घ्या, जरूर घ्या. पण तो चालू कसा करायचा हे शिकवून झाले की उठू देऊ नका. तो बंद कसा करायचा, हेही त्यांच्यासमोर दोनदा करून पाहा. आणि मुलांनो, पलीकडे 'ठेवतो' म्हटल्यावरही आवाज येत राहिले, तर कान देऊ नका. कॉल तुम्ही तोडा. आईवडिलांचे तुमच्याविषयीचे बोलणे जेव्हा तुमच्यासाठी असेल, तेव्हा ते तुम्हाला हाक मारूनच सांगतील.